कंदील आणि निळी किनार : हुसेन ह्यांच्या एका प्रदर्शनाविषयी

व्हेनिस शहर आम्ही पाहिलेले नाही, आणि पाहण्याचा योग आता येईल असेही वाटत नाही. तरीही २०२४ साली तेथे भरलेल्या एका प्रदर्शनाविषयी लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. ज्याच्या चित्रांचे ते प्रदर्शन होते तो चित्रकार आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला, हे त्याचे कारण. मकबूल फिदा हुसेन ह्यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला. एस. टी.ने दोन तासांवर असलेल्या ह्या गावाशी त्यांचे नाव जोडण्याची सवय आपल्याला नाही. पंढरपूर म्हटले की विठ्ठल, चंद्रभागा, आषाढीची गर्दी. हुसेन म्हटले की मुंबई, घोडे, अनवाणी पाय आणि कोर्टकचेऱ्या. ही दोन टोके एकत्र आणून पाहण्याचे काम त्या प्रदर्शनाने केले. म्हणून त्याचा विचार व्हेनिसपेक्षा सोलापुरातच अधिक व्हावा, असे आम्हांला वाटते.

प्रदर्शनाचे नाव होते 'द रूटेड नोमॅड', म्हणजे मुळे न सोडलेला भटक्या. दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयाने ते भरवले होते आणि त्याची मांडणी रूबिना करोडे ह्यांची होती. जागा होती मिठाची जुनी कोठारे. जगभरच्या चित्रकारांचा जो मोठा द्वैवार्षिक मेळा व्हेनिसमध्ये भरतो, त्याच्याच काळात हे प्रदर्शन खुले होते. आणि त्या वर्षीच्या मेळ्याचा विषयच मुळी 'सर्वत्र परके' असा होता. आपल्या वाचकांना आठवत असेल की ह्याच मेळ्यातील व्हॅटिकनचे दालन ज्युडेका बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगात मांडलेले होते, आणि पोप फ्रान्सिस २८ एप्रिल २०२४ रोजी तेथे जाऊन कैदी भगिनींना भेटले होते. त्या कलामेळ्याला भेट देणारे ते पहिलेच पोप. एकीकडे तुरुंगातले दालन आणि दुसरीकडे मिठाच्या कोठारातला पंढरपूरचा चित्रकार. परकेपणाचा विषय त्या वर्षी व्हेनिसमध्ये केवळ सजावटीचा नव्हता, एवढे ह्यावरून कळते.

आता नावाविषयी. इंग्रजीत 'नोमॅड' हा शब्द कानाला गोड लागतो. त्यात वाळवंट आहे, उंटांची घंटा आहे, स्वातंत्र्य आहे. सोलापूरकराला 'भटक्या' हा शब्द इतका गोड लागत नाही. आपल्या शहरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना इंग्रज सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना येथे तारेच्या कुंपणात डांबून ठेवले जात असे. हजेरी द्यावी लागे, बाहेर पडायला परवानगी लागे. १९५२ साली तो कायदा गेला, वस्तीचे नाव मात्र अजून तेच आहे. ज्या गावात भटकणे हा गुन्हा होता, त्या गावात बसून 'मुळे न सोडलेला भटक्या' हे शब्द वाचताना मनात प्रश्न उभा राहतो : हा माणूस हौसेने भटकला, की त्याला भटकावे लागले? प्रदर्शनाच्या नावात ह्या प्रश्नाला जागा नाही, आणि आमच्या मते त्याचा पहिला दोष तेथेच आहे. हुसेन ह्यांच्या आयुष्यात दोन्ही प्रकारचे भटकणे होते. पहिले त्यांनी निवडलेही नव्हते आणि दुसरे तर त्यांच्यावर लादले गेले होते. मधली पन्नास-साठ वर्षे तेवढी त्यांच्या मर्जीची होती.

पहिल्यापासून सांगायचे तर, हुसेन दीड वर्षांचे असताना त्यांची आई वारली. तिचे एकही छायाचित्र मागे राहिले नाही. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब इंदूरला गेले. तेथे वडील कापडगिरणीत नोकरीला होते, आणि आजोबा कंदील-दिवे बनवणारे कारागीर. गिरणी आणि पत्र्याचे काम ही दोन्ही सोलापूरकराच्या ओळखीची. ज्यांच्या घरातले कर्ते माणूस भोंग्यावर उठून पाळीला जात असे, अशी कितीतरी कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांना ह्या मुलाचे घर परके वाटण्याचे कारण नाही. पुढे हा मुलगा मदरशात सुलेखन शिकला, मुंबईला आला, सिनेमाचे भव्य फलक परातींवर चढून रंगवू लागला. चौरस फुटाच्या हिशेबाने मजुरी मिळे. लाकडी खेळणी आणि लहान मुलांच्या खोलीतले फर्निचर बनवण्याचे कामही त्याने केले. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाकरे ह्यांच्यासह जो गट मुंबईत उभा राहिला, त्यात तो होता. त्या गटाचा म्होरक्या फ्रान्सिस न्यूटन सूझा हा गोव्यातल्या साळगावचा, आपल्यातलाच. तो १९४९ साली लंडनला गेला, रझा १९५० साली पॅरिसला. हुसेन मात्र भारतातच राहिले. ह्या तिघांतील जो देश सोडून गेला नाही, त्याच्यावरच नव्वदीत देश सोडण्याची वेळ आली.

'जमीन' हे त्यांचे १९५५ सालचे चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे, आणि ते आम्ही तेथे उभे राहून पाहिले आहे. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले होते. बिमल रॉय ह्यांच्या 'दो बिघा जमीन' ह्या चित्रपटाचा त्यामागे संस्कार होता असे सांगतात. कर्जात गेलेली जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. चित्रात मात्र शहर नाही. लांबलचक आडव्या पट्टीत चौकटींमागून चौकटी आहेत : माणसे, जनावरे, गावातल्या रोजच्या वस्तू. भिंतीवर गेरूने काढल्यासारख्या जाड रेषा, मातकट रंग. कथा एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपत नाही. डोळा कोठूनही आत शिरू शकतो. आम्हांला ते पाहताना सारखे वाटत राहिले की गाव सोडून गेलेल्या माणसाला गाव असेच आठवते. सलग आठवत नाही. एक बैल, एक हात, एक दार, असे सुटे सुटे आठवते.

ह्याच्याही आधीचे, १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' म्हणून ओळखले जाणारे चित्र ह्याच जातीचे आहे, आणि त्याची कहाणी तर एखाद्या स्थलांतरितासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीस आलेल्या लिऑन व्होलोडार्स्की नावाच्या डॉक्टराने ते घेतले आणि नॉर्वेला नेले. पुढे ते ओस्लोच्या एका रुग्णालयाकडे आले आणि दशकानुदशके तेथेच भिंतीवर राहिले. तेरा चौकटींचे, जवळजवळ चौदा फूट लांब चित्र, आणि त्याच्यापुढून ये-जा करणारे डॉक्टर व विद्यार्थी. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. वर्तमानपत्रांनी आकडा छापला. चित्राविषयी फारसे कोणी लिहिले नाही. त्या चित्रात स्त्रियाच स्त्रिया आहेत, घरातली व शेतातली कामे करणाऱ्या, मूल सांभाळणाऱ्या. पूर्णाकृती पुरुष एकच, शेतकरी, आणि त्याचा हात स्वतःच्या चौकटीबाहेर येऊन शेजारच्या चौकटीतल्या शेतापर्यंत पोचलेला आहे. चौकट ओलांडणारा तो हात जमिनीला जणू खालून आधार देतो. मुळांविषयी जे काही सांगायचे ते ह्या एका हातात सांगून झाले आहे असे आमचे मत आहे. (जाता जाता एक आठवण : परदेशातून दिल्लीला आलेला डॉक्टर येथून चित्र घेऊन गेला, सोलापुरातून चीनला गेलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस तर १९४२ साली तेथेच चिरनिद्रा घेते झाले. डॉक्टरांच्या ये-जा करण्याने देशांमध्ये काय काय देवघेव होते, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.)

१९५६ सालच्या 'कोळी आणि दिवा यांच्यामध्ये' ह्या चित्रात पाच स्त्रिया आहेत. एकीच्या हातातील धाग्याला कोळी लोंबतो आहे. दिवाही आहेच, आणि वरच्या बाजूला वाचता न येणारी अक्षरे आहेत. त्या अक्षरांचा अर्थ लावण्याचा खटाटोप पुष्कळांनी केला. आम्हांला तो अनावश्यक वाटतो. ज्या मुलाने मदरशात अक्षरांचे वळण आधी आत्मसात केले आणि ज्याच्या कानावर गावोगावच्या निरनिराळ्या भाषा पडल्या, त्याला अक्षर हे आधी आकार म्हणून भेटले असणार. आपल्या सोलापुरात ह्याचा अनुभव रोज येतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार लिप्यांच्या पाट्या एकाच रस्त्यावर असतात. एक वाचता येते, बाकीच्या तीन नुसत्या दिसतात. आणि तो दिवा? तो आजोबांचा. त्यांच्या चित्रांत कंदील पुन्हा पुन्हा येतो, तो काव्यात्म प्रतीक म्हणून आला असे समजणाऱ्यांनी घरी पत्र्याचे काम करणारा आजोबा असलेल्या नातवाला विचारून पाहावे.

आता मदर तेरेसांच्या चित्रांकडे येऊ. आपल्या वाचकांना ती अधिक जवळची वाटतील. १९७९ साली मदरना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत हुसेन त्यांची चित्रे काढू लागले. पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या माध्यमांत ती काढीत राहिले. पांढरी साडी, तिची निळी किनार, कडेवर किंवा मांडीवर मूल, कधी मांडीवर आडवा झालेला मोठा माणूस. आणि पदराच्या आत जेथे चेहरा असायला हवा तेथे अंधार. आपल्यातील कित्येकांनी ही चित्रे कॅलेंडरांवर पाहिली आहेत आणि 'चेहरा का नाही?' असा भाबडा प्रश्नही केला आहे. प्रश्न भाबडा असला तरी योग्य आहे. मदरचा चेहरा जगाला ठाऊक होता. सुरकुत्यांसह ठाऊक होता. तो काढणे हुसेन ह्यांच्यासारख्या चित्रकाराला अवघड नव्हते. पण ज्याने स्वतःच्या आईचा चेहरा पाहूनही त्याला आठवत नाही, ज्याच्याजवळ तिचे चित्र नाही, त्याला आईचा चेहरा कोठून आणता येणार? दुसऱ्या कोणाचा चेहरा तेथे बसवणे त्याला खोटे वाटले असावे. म्हणून त्याने चेहऱ्याची जागा राखून ठेवली आणि बाकीचे सारे काढले : हात, मांडी, वस्त्राच्या चुण्या. लहान मुलाला आई आधी अशीच कळते.

मांडीवरचा आडवा माणूस पाहिला की आपल्याला मायकेल अँजेलोचे 'पिएता' आठवते, आणि ते आठवणे चुकीचे नाही. इटलीच्या जुन्या चित्रशिल्पांतील वस्त्रांच्या चुण्यांचा हुसेन ह्यांनी बारकाईने विचार केला होता. तरीपण एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पिएतामध्ये आई पुत्राला हरवून बसली आहे. येथे पुत्रच आईला हरवून बसला आहे, आणि मांडी मात्र तीच आहे. एका मुसलमान घरातील पोरक्या मुलाने मरियामातेची ती बैठक उसनी घेतली आणि तिच्यावर कलकत्त्याच्या धर्मभगिनीची साडी नेसवली. पंढरपूर हे देवाला माउली म्हणणाऱ्यांचे गाव, हेही येथे विसरता येत नाही. तीन धर्मपरंपरांनी मिळून एका माणसाचे एक दुःख सांभाळले, असे हे उदाहरण आहे. प्रदर्शनाने 'मुळे' हा शब्द वापरला तो ह्या चित्रांपुरता आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. मुळे नेहमी असलेल्या गोष्टीत रुतलेली असतात असे नाही. काही माणसांची ती नसलेल्या गोष्टीत रुतलेली असतात.

ह्यानंतरची हकीगत सांगणे कठीण आहे, पण ती टाळली तर लेख अप्रामाणिक होईल. १९९६ साली एका हिंदी मासिकाने हुसेन ह्यांची सत्तरच्या दशकातील, देवतांना विवस्त्र दाखवणारी चित्रे छापली. तक्रारी झाल्या, खटले झाले, १९९८ साली त्यांच्या घरावर हल्ला झाला. २००६ साली 'भारतमाता' ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या चित्रावरून पुन्हा वादळ उठले. त्यांनी क्षमा मागितली आणि त्याच वर्षी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले, ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, आणि इंग्लंडच्याच मातीत त्यांना पुरण्यात आले. ज्या शेजाऱ्यांच्या भावना त्या चित्रांनी दुखावल्या, त्यांचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणण्याचा अधिकार आपल्याला कमीच आहे. त्याच २००६ साली 'द दा विंची कोड' ह्या चित्रपटावर बंदी यावी म्हणून मुंबईत आपल्यातील काही जण रस्त्यावर उतरले होते. परंतु नव्वदी ओलांडलेल्या माणसाला आपल्या जन्मगावच्या देशात मरता येऊ नये, ह्याचेही दुःख खरेच आहे. आणि 'भटक्या' म्हणून त्याच्यावर साखर पेरणे आम्हांला रुचत नाही.

येथे आणखी एका चित्रकाराचे नाव घेतले पाहिजे. आंजेलो द फोन्सेका ह्यांचा जन्म १९०२ सालचा, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावरचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस ह्यांच्याजवळ शिकून हा तरुण गोव्यात परतला आणि त्याने मरियामाता साडीत रंगवली. सावळ्या वर्णाची, आपल्या अंगणातल्या बायकांसारखी. गोव्यातल्या प्रतिष्ठितांना ते सोसवले नाही. त्याने गोवा सोडला आणि पुण्यातील शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला. तो आश्रम अँग्लिकनांचा होता, कॅथलिकांचा नव्हता, हेही नोंदवून ठेवू. तेथे राहून तो १९६७ सालच्या अखेरपर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ख्रिस्तचरित्र रंगवीत राहिला. फादर हेरास ह्यांच्यासारखे थोडे जेज्वीट त्याच्या पाठीशी होते. बाकीच्यांनी दुर्लक्षच केले. आज नाताळच्या शुभेच्छापत्रांवर साडीतली मरिया छापताना आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. ज्याने ती प्रथम काढण्याचे धैर्य दाखवले त्याला घालवून देण्यासाठी मात्र दुसऱ्या कोणत्याही धर्माचे लोक आले नव्हते. हुसेन ह्यांच्या हद्दपारीविषयी बोलताना आपला आवाज थोडा खाली असावा, तो ह्यासाठी.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या भागाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या भागात मूळ चित्रे होती. दुसऱ्यात तीच चित्रे यंत्राच्या प्रकाशाने भिंतींवर आणि पायांखाली पसरवून, त्यांना हालचाल व संगीत देऊन प्रेक्षकाला त्यांच्या मध्यभागी उभे केले होते. त्याच्या चित्रफिती आम्ही पाहिल्या. डोळे दिपतात, मुले खूश होत असतील. सिनेमाचे फलक रंगवून मोठ्या झालेल्या हुसेनना ही करामत आवडली असती, हेही खरे. परंतु ज्या चित्राचे सारे बळ एका मोकळ्या ठेवलेल्या जागेत आहे, ते हलवून काय साधणार? अंधाराला हालचाल दिली की तो अंधार राहत नाही.

आणि घोड्यांविषयीही बोलले पाहिजे. हुसेन ह्यांनी घोडे फार काढले. गिऱ्हाईक मागत होते आणि ते देत होते. उत्तरार्धातील बरेचसे घोडे हे सहीसारखे आहेत, हात न उचलता झालेले. दोहा शहरात त्यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या एका यांत्रिक देखाव्यात तर मुरानोच्या काचेचे घोडे आहेत. त्याचे अरबी नाव 'पृथ्वीवर संचार करा' अशा अर्थाचे आहे. त्याच शहरात नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ हुसेन ह्यांना वाहिलेले एक संग्रहालय उघडले, 'लौह वा कलम' म्हणजे पाटी आणि लेखणी ह्या नावाचे. त्याचा आराखडा हुसेन ह्यांच्याच एका रेखाटनावरून वास्तुशिल्पी मार्तंड खोसला ह्यांनी तयार केला. आपल्या जिल्ह्यातून कितीतरी मुले कामासाठी आखातात गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणी दोह्याला असेल तर शुक्रवारच्या सुटीत त्याने तेथे जाऊन यावे आणि घरी पत्र पाठवावे. घोड्यांपाशी फार वेळ न घालवता कंदील कोठे दिसतो ते शोधावे, अशी आमची सूचना आहे.

हुसेन अनवाणी चालत असत. १९६४ साली कवी गजानन माधव मुक्तिबोध ह्यांच्या अंत्ययात्रेपासून त्यांनी पादत्राणे सोडली असे सांगतात. मोठमोठ्या क्लबांतून आणि विमानतळांवरून त्यांना तसे फिरताना पाहून लोक त्याला प्रसिद्धीची युक्ती म्हणत, आणि त्यांचा नाटकीपणा पाहता तसे म्हणणाऱ्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. हा लेख लिहायला घेण्यापूर्वी आम्ही एक दिवस पंढरपूरला जाऊन आलो. यात्रेचे दिवस नव्हते, तरी नदीच्या वाटेवर अनवाणी माणसे होतीच. चुरमुरे, बुक्का, तुळशीच्या माळा, पितळेच्या मूर्ती, सगळे नेहमीसारखे. हुसेन ह्यांच्या नावाची पाटी आम्हांला कोठे दिसली नाही. एका गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या डब्यांना डाग देणारा एक म्हातारा बसला होता. त्याला आम्ही कंदील दुरुस्त करता का, असे विचारले. आता कोण आणतो, असे म्हणून त्याने हातातला डबा उजेडाकडे धरला आणि भोक बुजले की नाही ते पाहू लागला.